बैठक क्रमांकाच्या आड

दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नसते. लिहायचा तो बैठक क्रमांक. उत्तरपत्रिका मुलाची की मुलीची, पेठची की पुण्याची, हे तपासणाऱ्या शिक्षकाला कळत नाही आणि आपण काय लिहिले ते वर्गातल्या मैत्रिणींनाही दिसत नाही. या आडोशात महाराष्ट्रातल्या मुली दरवर्षी मुलांच्या पुढे जातात. मार्च २०२४च्या परीक्षेत ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या; मुलांचे प्रमाण ९४.५६ टक्के होते. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा वर्तमानपत्रांना आता नव्याने सुचावा लागत नाही.

याच मुली वर्गात पाहा. शिक्षक फळ्यावर गणित मांडतात आणि विचारतात, कोण सोडवणार? मुलांच्या रांगेतून दोन-तीन हात वर जातात; त्यातल्या एखाद्याला उत्तर येतही नसते. मुलींच्या रांगेत माना खाली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत उत्तर लिहून झालेले असते आणि तिने त्यावर हात आडवा ठेवलेला असतो. सरांनी नाव घेऊन विचारले, तर ती उभी राहते आणि म्हणते, ‘नाही येत, सर.’

या ‘नाही येत’बद्दल हे प्रकरण आहे. शिक्षक त्याला लाजाळूपणा म्हणतात, घरचे भित्रेपणा म्हणतात, समुपदेशनाच्या शिबिरांत त्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणतात. मला ही तिन्ही निदाने चुकीची वाटतात. ती मुलगी हिशेब करत असते. हुशारी दाखवली तर काय मिळेल आणि काय जाईल, याचा तो हिशेब असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

या विषयावरची चर्चा शहरातल्या इंग्रजी शाळांभोवती फिरते. आपण ती नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात नेऊ, कारण मुलींच्या या हिशेबातली प्रत्येक रक्कम तिथे स्पष्ट दिसते. नाशिकहून पेठ साधारण पंचावन्न किलोमीटर. सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून जाणारा हा रस्ता पुढे गुजरातेत धरमपूर-वलसाडला पोचतो. तालुक्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत: कोकणा, महादेव कोळी, वारली. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, भात, नागली आणि वरई पिकते. दिवाळी उलटली की पाणी आटते आणि अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून या पट्ट्यात निवासी शाळांची गरज फार आधी ओळखली गेली. दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने शाळा आणि वसतिगृहे उभी केली, पुढे आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा आल्या. आज इथल्या कितीतरी मुलींचे सगळे शालेय आयुष्य आश्रमशाळेत जाते.

आश्रमशाळेत प्रेक्षक बदलत नाहीत. शहरातल्या मुलीला वर्गात कोणी चिडवले, तर पाच वाजता ती घरी जाते. तिथे आजी असते, शेजारची मैत्रीण असते, क्लासमधली वेगळी टोळी असते. एका ठिकाणी गेलेली पत दुसरीकडे भरून निघते. आश्रमशाळेतली मुलगी ज्यांच्यासमोर उत्तर देते, त्यांच्याच शेजारी रात्री झोपते. नळावरच्या रांगेत पुढे-मागे त्याच असतात, ताट घेऊन बसताना जागा धरणाऱ्या त्याच, ताप आला तर अधीक्षिका मॅडमना हाक मारायला धावणाऱ्याही त्याच. पाळी पहिल्यांदा आली तेव्हा जिने सगळे समजावले, तीही त्यांतलीच. जून ते एप्रिल हेच घर. अशा ठिकाणी ‘लय शहाणी’, ‘सरांची लाडकी’, ‘पुढं पुढं करते’ असा एखादा शिक्का बसला, तर तो संध्याकाळी उतरत नाही. बाहेरच्या माणसाला हे टोमणे किरकोळ वाटतील. त्या मुलीच्या दृष्टीने ज्यांच्यावर आपले रोजचे जगणे अवलंबून आहे, त्यांच्यापासून ते तिला तोडतात. एका गणिताच्या बरोबर उत्तरासाठी ही किंमत कोण मोजेल? तेरा वर्षांची मुलगी मोजत नाही आणि तिला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरी रक्कम भाषेची. घरात कोकणा किंवा डांगी बोली, पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी. पहिली काही वर्षे मुले गप्प असतात ती खरोखर न समजल्यामुळे. सहावी-सातवीपर्यंत काही मुलींना पुस्तकातली मराठी चांगली जमू लागते. पण तशी मराठी मैत्रिणींत बोलली, तर ती मुलगी आपल्यातून उठून गेल्यासारखी वाटते. ‘मॅडम झाली’ म्हणून हसू होते. म्हणून ती वर्गात अडखळत बोलते, निबंधात मात्र सरळ लिहिते. पहिलीतली न समजणारी शांतता आणि आठवीतली समजून धरलेली शांतता बाहेरून सारखीच दिसते. शिक्षकांची गफलत इथे होते. ते दोन्ही शांततांवर एकच औषध देतात: अजून सोपे करून शिकवणे. दुसऱ्या प्रकारच्या मुलीला त्यातून एवढेच कळते की आपले सोंग पचले.

ही सोंगे अनेक प्रकारची असतात. येणाऱ्या दहा गणितांतले एखादे मुद्दाम चुकवायचे. उत्तर शेजारणीच्या कानात सांगायचे आणि तिला बोलू द्यायचे. पेपरनंतर ‘काहीच अभ्यास केला नव्हता’ म्हणायचे. पहिला नंबर आला तर ‘पेपर सोपा होता’ म्हणून तो हलका करायचा. काही मुली समजलेली गोष्टही मैत्रिणीला पुन्हा विचारतात, म्हणजे तिला बरे वाटते. या शेवटच्या सोंगात माया आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्यामुळे दुसरी कमी दिसू नये, ही चांगल्या मनाची इच्छा आहे. तिचा भार मात्र नेहमी त्याच मुलीवर पडतो.

नाशिकशी नाते असलेली अशी एक मुलगी आपल्या इतिहासात आहे. रमाबाई रानडे यांचे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. निफाडला जन्मलेले त्यांचे पती माधवराव रानडे एकतीस वर्षांचे होते. त्यांनी पत्नीला शिकवायला घेतले आणि पुण्याच्या भरल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिचे जगणे अवघड केले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाईंचे पुस्तक १९१० साली आले. टोमणे, अबोला आणि ते गिळून खोलीत चालू ठेवलेला अभ्यास या सगळ्याविषयी त्यांनी त्यात संयमाने लिहिले आहे. छळ करणाऱ्या बायका दुष्ट म्हणून रंगवलेल्या नाहीत, हे मला त्या पुस्तकाचे मोठेपण वाटते. त्या बायकांना शिकायला मिळाले नव्हते. आपल्यातलीच एक पोर वर जाताना पाहणे त्यांना सोसत नव्हते. वसतिगृहातल्या मुलींचेही तसेच आहे.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. पुण्याच्या त्या घरापासून रमाबाई दूर आल्या. त्या पहिल्यांदा जाहीरपणे बोलायला उभ्या राहिल्या त्या नाशिकच्या हायस्कुलात. ते भाषण माधवरावांनी लिहून दिलेले होते. पहिल्यांदा चारचौघांत आवाज निघाला तोही दुसऱ्याच्या शब्दांत, आणि त्यात कमीपणा काही नाही. पुढे याच बाईंनी सेवासदन ही संस्था उभी केली. त्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. मुक्ताचे धैर्य खरेच. पण तिच्याजवळ विचारणारे शिक्षक होते आणि छापणारे नियतकालिकही होते. ते नसते तर तोच मजकूर तिच्या मनात राहिला असता.

आता या विषयावरचे संशोधन पाहू. मिरा कोमारोव्स्की या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९४६ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलींविषयी लेख लिहिला. त्यांनी ज्या मुलींना विचारले, त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के मुलींनी मुलांसोबत असताना आपण कधी ना कधी मुद्दाम मठ्ठ असल्याचे सोंग घेतल्याचे सांगितले. पुढे मटिना हॉर्नर यांनी विद्यार्थ्यांना एका वाक्यावरून गोष्ट लिहायला दिली: वैद्यकीय महाविद्यालयात अ‍ॅन वर्गात पहिली आली. मुलांसाठी अ‍ॅनच्या जागी जॉन होता. मुलींच्या गोष्टींत अ‍ॅन एकटी पडली, तिची मैत्री तुटली, तिचे लग्न झाले नाही. जॉनच्या गोष्टी बहुतेक सुखाच्या होत्या. हॉर्नर यांनी याला यशाची भीती म्हटले आणि हे नाव जगभर गाजले.

ते नाव मला मान्य नाही, आणि त्याचे कारण १९७४ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात शाळकरी मुले आणि मुली दोघांनाही अ‍ॅनची गोष्ट लिहायला दिली. मुलांनीही अ‍ॅनचे वाईटच केले. म्हणजे मुलींच्या मनात कुठली खास भीती दडलेली नव्हती. हुशार मुलीचे जगात काय होते, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी लिहिले. मुलीला बरे करण्यात म्हणूनच अर्थ नाही. अ‍ॅनचे काय होते, ते बदलायला हवे.

लिन मिकेल ब्राउन आणि कॅरल गिलिगन यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका मुलींच्या शाळेत शंभराच्या आसपास मुलींशी काही वर्षे सलग बोलणे ठेवले. त्यांचे पुस्तक १९९२ साली आले. सात-आठ वर्षांच्या मुली आपले मत ठामपणे सांगत होत्या. अकरा-बाराच्या झाल्या की ‘मला माहीत नाही’ हे उत्तर वाढत गेले. मुलींना माहीत सगळे होते. काय माहीत असलेले चालते, हेही त्यांना आता कळू लागले होते. पेठच्या वर्गात हाच बदल पाहायला वेगळे यंत्र लागत नाही. दुसरीतल्या मुली शिक्षकाच्या टेबलाभोवती गर्दी करून ‘मी सांगू, मी सांगू’ करतात. त्याच मुली आठवीत वही झाकतात. मधल्या सहा वर्षांत त्यांची बुद्धी आटलेली नसते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. अमेरिकेतल्या एका नामांकित एमबीए अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून नोकरीविषयीच्या अपेक्षांचा अर्ज भरून घेतला. काहींना वाटले अर्ज फक्त कार्यालय पाहील, काहींना वाटले वर्गमित्रही पाहतील. वर्गमित्र पाहणार असे वाटताच अविवाहित मुलींनी वर्षाला सुमारे अठरा हजार डॉलर कमी पगार मागितला आणि महिन्यातले सात दिवस कमी प्रवासाची तयारी दाखवली. विवाहित बायकांच्या उत्तरांत असा फरक पडला नाही. अविवाहित मुलांच्याही नाही. इतक्या शिकलेल्या, इतक्या धीट मुलींनीही आपली महत्त्वाकांक्षा झाकली, कारण पाहणाऱ्यांत होणारा नवरा असू शकत होता.

पेठमध्ये हा प्रश्न पंचविशीत येत नाही. केंद्र सरकारच्या २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. दहावीच्या वर्गातल्या मुलीला आपल्या आसपास कोणाचे काय ठरले, हे ठाऊक असते. तिच्याहून जास्त शिकलेला मुलगा गावात मिळणार नाही, हेही तिच्या कानावर पडलेले असते. कोकणा-वारली समाजात हुंड्याऐवजी मुलाकडून देज देण्याची रीत होती, बाईच्या कष्टाला तिथे मोल होते, म्हणून शहरी मध्यमवर्गाचे सगळे आडाखे इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण शिकलेली मुलगी नांदणार नाही ही शंका आता इथेही पोचली आहे, आणि हिशेबातली ही सर्वांत जड रक्कम आहे.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. याच मुली काही जागी हुशारी अजिबात लपवत नाहीत. द्राक्षबागेतल्या कामाचे दिवस, उचल आणि मजुरी यांचा हिशेब करताना बापाच्या शेजारी बसलेली मुलगी मुकादमाची चूक काढते. रेशन दुकानातली पावती तीच वाचते, बँकेचा फॉर्म तीच भरते, आणि घरात कोणी तिला शहाणी म्हणून हिणवत नाही. ही हुशारी सगळ्यांच्या कामी येते, तिला एकटीला वर नेत नाही. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा अख्खा पट्टा आपला मान वाढला म्हणून नाचला. धावणारी मुलगी सगळ्यांची झाली. गणितात पहिली येणारी मुलगी अजून एकटीचीच असते. तिचे यश पाड्याचे यश वाटेल असे काही आपण केलेले नाही.

‘आता झाकू दे, पुढे दाखवेल’ असे म्हणून हे सोडून देता येत नाही. उत्तर मोठ्याने न सांगणाऱ्या मुलीला ते मांडण्याचा, चुकण्याचा, चूक सर्वांदेखत दुरुस्त करण्याचा सराव मिळत नाही. लेखी परीक्षेत ती चमकते. तोंडी परीक्षा, मुलाखत, गटचर्चा आली की मागे पडते. बैठक क्रमांकाची सोय लेखी परीक्षेपुरतीच आहे. नंतरच्या आयुष्यात नाव आणि चेहरा घेऊनच उभे राहावे लागते. शिवाय शिक्षकाला जी हुशारी दिसली नाही, तिच्यासाठी तो अर्ज आणत नाही, पालकांना बोलावत नाही, नाशिकच्या वसतिगृहाची चौकशी करत नाही. लपवलेल्या हुशारीकडे संधीही फिरकत नाही. आणि वर्षानुवर्षे ‘नाही येत’ म्हणणाऱ्या काही मुलींना शेवटी ते खरे वाटू लागते.

मग करायचे काय? धीट हो, असे मुलीला सांगणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. किंमत तीच ठेवून ती मोज म्हणण्यासारखे ते आहे. किंमत कमी करणे मोठ्यांच्या हातात आहे. लॉस एंजेलिसच्या शाळांत विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेचा मोफत शिकवणीवर्ग देऊ केला होता. नाव नोंदवल्याचे वर्गाला कळणार म्हटल्यावर सामान्य वर्गांतली नोंदणी बहात्तर टक्क्यांवरून एकसष्ट टक्क्यांवर आली. अभ्यासू मुलांच्या वेगळ्या वर्गांत मात्र असा फटका बसला नाही. सोबत असली की लपवावे लागत नाही. म्हणून वर्गातली एकच मुलगी उचलून ‘हिचा आदर्श घ्या’ म्हणणे थांबवायला हवे. त्या वाक्याने तिची रात्र खराब होते. तीन-चार जणींना एकत्र अवघड गणिते द्या आणि उत्तर गटाचे म्हणून घ्या. प्रश्न विचारल्यावर हात वर करायला सांगण्याआधी सगळ्यांना पाटीवर किंवा कागदावर उत्तर लिहू द्या आणि ते फिरून वाचा. वहीतल्या उत्तरावर हात ठेवणारी मुलगी मग दिसेल. तिच्याशी बोलायचे ते व्हरांड्यात, एकटीशी. परिपाठात तिचे नाव पुकारू नका. मैत्रिणीला शिकवण्याचे काम तिच्याकडे द्या, म्हणजे तिची हुशारी सगळ्यांच्या कामी येईल, रेशनच्या पावतीसारखी. घरच्या बोलीत दिलेले बरोबर उत्तर बरोबरच धरा.

आणि अर्ज. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, आठवीत होते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. शासकीय निवासी शाळांतल्या मुलींना ती लागू नाही. पण पेठमधल्या मुली जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित दिवसशाळांतही आहेत. आठवीच्या वर्गात जाऊन ‘कोण बसणार परीक्षेला?’ असे विचारले की मुलींच्या रांगेत माना खाली जातात, आणि आपण म्हणतो, मुलींनाच रस नाही. माझी या भागातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला विनंती आहे: यंदा हात वर करायला सांगू नका. पात्र असलेल्या प्रत्येक मुलीचा अर्ज शाळेनेच भरावा. जिला बसायचे नसेल तिने तसे येऊन सांगावे.